एका गोळीचे अंतरंग

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शास्त्रीय विषयावर, पण घरातल्या सर्वांस समजेल असे काहीतरी’ लिहून द्यावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा आम्ही थोडे विचारात पडलो. शास्त्र म्हटले की लोकांस एक तर चंद्रावरचे यान हवे असते, नाहीतर अणुबाँब. आम्ही शाळामास्तर, आमच्याजवळ या दोहोंपैकी काहीच नाही. शेवटी विषय मिळाला तो घरातच, फडताळातल्या औषधांच्या डब्यात.

अम्मीला बारीक ताप होता. पॅरासिटामॉलची पट्टी फोडून गोळी हातावर घेतली, तो तिचा वरचा पापुद्रा टोपीसारखा अलगद सुटून आला. अम्मी म्हणाली, “हे खोटे औषध दिसते. परत करून ये.” औषधाच्या दुकानदाराने मुकाट्याने दुसरी पट्टी दिली, पण जाता जाता म्हणाला, “मास्तर, औषध खोटे नाही हो. ही गोळी मुळातच हट्टी असते.” त्या हट्टाचे कारण औषधाच्या स्फटिकात दडलेले आहे. तेच आज वाचकांपुढे उलगडून ठेवावयाचे आहे.

पॅरासिटामॉल हा कार्बनी रसायनांतल्या ‘अमाइड’ या कुळातला एक लहानसा रेणू होय. त्यात कार्बनचे ८, हायड्रोजनचे ९, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे २, असे एकंदर २० अणू असतात. मध्ये सहा कार्बनांचे सपाट कडे. कड्याच्या एका टोकाला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडी. आणि बरोबर समोरच्या टोकाला अमाइडाचा गट, म्हणजे हायड्रोजन धरून बसलेला नायट्रोजन आणि त्याला लागून दुहेरी बंधाचा ऑक्सिजन असलेला कार्बन. एका ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत असे किती रेणू मावतात? दोनाच्या आकड्यावर एकवीस शून्ये द्यावीत, जवळजवळ तितके. हे रेणू गोळीत पोत्यातल्या ज्वारीसारखे वाटेल तसे ओतलेले नसतात. भुकटीचा प्रत्येक कण हा एक स्फटिक असतो आणि त्यात रेणू कवायतीच्या रांगांप्रमाणे, विशिष्ट अंतरावर आणि विशिष्ट कोनात उभे असतात.

आता हे कोणी पाहिले, असा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी एखादा तरी मुलगा विचारतोच, आणि तो योग्यच आहे. डोळ्यांनी कोणी पाहिलेले नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५००० अँग्स्ट्रॉम. अणू-अणूंतील अंतर एक-दीड अँग्स्ट्रॉम. एक अँग्स्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. एवढे बारीक माप इतक्या लांबलचक लाटेने कसे घ्यावे? पाटाच्या फळीने सुईचे नेढे मोजण्यासारखेच ते झाले. यासाठी क्ष-किरण लागतात, कारण त्यांची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्याच मापाची असते. १९१२ साली जर्मनीत माक्स फोन लाउए व त्याच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले, तेव्हा पलीकडच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. त्या नक्षीवरून आतल्या अणूंच्या जागा कशा काढाव्यात, हे गणित विल्यम ब्रॅग व त्याचा मुलगा लॉरेन्स ब्रॅग यांनी बसवले. १९१५ सालचे नोबेल पारितोषिक या बापलेकांना मिळून देण्यात आले. मुलगा तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता.

याची चुणूक घरच्या घरी पाहता येते. रात्री मलमलीची ओढणी किंवा बारीक विणीचा रुमाल डोळ्यांसमोर ताणून धरावा आणि दूरच्या रस्त्यावरील एखाद्या दिव्याकडे पाहावे. दिवा एकच असून त्याच्या चारी बाजूंना दिव्यांची फुली पडलेली दिसते. कापड फिरवले की फुलीही फिरते. कापड अधिक दाट विणीचे घेतले की फुलीतले ठिपके एकमेकांपासून दूर पांगतात. म्हणजे ठिपक्यांवरून न पाहिलेल्या विणीचे माप काढता येते. स्फटिक हे कापड, क्ष-किरण हा दिवा. मात्र कापडाची वीण फक्त आडवी-उभी असते आणि स्फटिकाची तिन्ही दिशांना असते, म्हणून तिथले गणित भारी. पूर्वी एका लहान रेणूसाठी माणसे महिनेच्या महिने आकडेमोड करीत बसत. आता संगणक तेच काम थोड्या वेळात उरकतो.

पॅरासिटामॉलच्या नेहमीच्या स्फटिकाची रचना हाइसा या जपानी शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. स्फटिकात जो लहानात लहान ठोकळा पुनःपुन्हा येतो, त्याला एकक कोशिका म्हणतात. फरशीच्या नक्षीत एकच ठसा वारंवार यावा, तसा. या कोशिकेच्या बाजू १२.९३, ९.४० आणि ७.१० अँग्स्ट्रॉम भरल्या. तीनपैकी दोन कोन काटकोन आणि तिसरा ११५.९ अंशांचा. असा एकाच बाजूस कललेला ठोकळा असला की त्या स्फटिकाला एकनताक्ष म्हणतात. एका कोशिकेत रेणू चार.

हे आकडे वाचून कंटाळा येईल याची आम्हांस कल्पना आहे. गंमत आहे ती रेणूंनी एकमेकांचा हात कसा धरला आहे, यात. नायट्रोजनला किंवा ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. तो खऱ्या रासायनिक बंधाइतका बळकट नसतो, पण अगदी सैलही नसतो. पॅरासिटामॉलचा प्रत्येक रेणू असे दोन बंध शेजाऱ्यांस देतो व दोन शेजाऱ्यांकडून घेतो. शेजारधर्माचा हिशेब असा चोख ठेवणारी बिऱ्हाडे चाळीतही विरळाच! बहुतेक अमाइडांत नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेजारच्या अमाइडाच्या ऑक्सिजनला धरतो. इथे मात्र ती जागा कड्याच्या दुसऱ्या टोकावरील हायड्रॉक्सिल गट आधीच अडवून बसतो, त्यामुळे नायट्रोजनवरच्या हायड्रोजनाला त्या हायड्रॉक्सिलच्याच ऑक्सिजनवर समाधान मानावे लागते. पहिल्या बंधाची लांबी सुमारे २.७ अँग्स्ट्रॉम, दुसऱ्याची २.९. म्हणजे दुसरा किंचित ढिला.

या बंधांनी रेणूंचे थर तयार होतात, आणि नेहमीच्या स्फटिकात हे थर सपाट नसून पन्हळी असतात. आपल्याकडे गोठ्यावर पन्हळी पत्रे घालतात ना, तसे. दहा पन्हळी पत्रे एकावर एक रचा आणि पन्हळीच्या आडव्या दिशेने वरचा पत्रा सरकवून पाहा. तो सरकणार नाही. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलीत अडकून बसतो. आता गोळी कशी बनते ते पाहा. पोलादी साच्यात भुकटी पडते आणि वरून-खालून ठोसे येऊन तिला दाबतात. ज्या पदार्थाचे थर एकमेकांवरून सरकतात, त्याचे कण दाबाखाली पसरतात व एकमेकांस घट्ट चिकटतात. पॅरासिटामॉलचे थर अडकलेले. कण पसरत नाहीत. दाब असेपर्यंत ते गुमान बसतात आणि ठोसा वर उचलला की उसळी घेऊ पाहतात. त्या उसळीत गोळीचा वरचा भाग टोपीसारखा सुटतो. अम्मीच्या हातावर आलेली टोपी ती हीच. म्हणून कारखान्यात या भुकटीत पिष्टाची खळ किंवा तसाच चिकट पदार्थ मिसळतात, तिचे ओलसर दाणे करतात, ते वाळवतात आणि मग दाबतात. खळ किंवा दाब थोडा चुकला की गोळी रुसलीच. औषध तेच असते, मात्र फुटकी गोळी दुकानदाराकडून बदलून घ्यावी हे बरे.

(येथे एक गोष्ट, विषय सोडून, पण सांगितल्याविना राहवत नाही. हे औषध घरोघरी असल्यामुळे निरुपद्रवी समजले जाते. सर्दी-पडशाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही तेच असते. धडधाकट प्रौढ माणसाने सगळे मिळून दिवसात ४ ग्रॅमच्या पलीकडे ते कधीही जाऊ देऊ नये. यकृत गंभीरपणे बिघडू शकते, आणि पहिल्या दिवशी कित्येकदा काही जाणवतही नाही. मुले, वृद्ध व दारू घेणारे यांनी तर डॉक्टरांस विचारूनच मात्रा ठरवावी.)

आता खरी नवलाची गोष्ट. हेच २० अणू, हाच रेणू, हेच हायड्रोजन बंध. परंतु वितळलेले पॅरासिटामॉल विशिष्ट रीतीने थिजवले तर दुसऱ्याच रचनेचा स्फटिक मिळतो. त्याची कोशिका सरळ, तिन्ही कोन काटकोन, आत रेणू आठ. याला समचतुर्भुजी रूप म्हणतात. त्यात थर जवळजवळ सपाट असतात, पत्त्यांच्या कॅटासारखे, आणि म्हणून एकमेकांवरून सरकतात. या रूपाची भुकटी खळीविना नुसती दाबली तरी गोळी छान बसते. मग कारखानदार हेच रूप का वापरीत नाहीत? कारण ते बनवणे अवघड आणि टिकवणे त्याहून अवघड. संधी मिळताच ते पन्हळी रूपात पालटते. १९९८ साली निकल्स व फ्रॅम्प्टन यांनी या रूपाचे बीजस्फटिक टाकून द्रावणातून ते मिळवून दाखवले. दही लावताना विरजण टाकतो, त्यातलाच हा प्रकार. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की सपाट रूप अधिक दाट असते, घनता सुमारे १.३४, पन्हळी रूपाची १.२९. जे अधिक दाटीने बसले ते अधिक स्थिर, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पॅरासिटामॉल तोही नियम मोडते. तिसरेही एक रूप आहे. ते काचेच्या दोन पट्ट्यांत चेपून धरलेल्या रसातून मिळते आणि उघडे पडले की टिकत नाही.

एकाच पदार्थाच्या अशा अनेक स्फटिकरूपांस बहुरूपता म्हणतात. येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. खडीसाखर आणि दाणेदार साखर ही बहुरूपता नव्हे. तिथे आतली रचना एकच, खडा तेवढा मोठा. बहुरूपतेत खड्याचा आकार गौण. आतली मांडणीच निराळी.

अमाइडांत ही गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानात आली, तो प्रसंगही सांगण्याजोगा आहे. १८३२ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची तरुण पत्नी वारली. त्याचा मित्र युस्टुस लीबिग याने त्याला गीसेन येथे आपल्याकडे बोलावून घेतले आणि दोघांनी दुःख विसरण्यासाठी कडू बदामाच्या तेलावर काम आरंभिले. त्या कामात त्यांस बेंझामाइड हे साधे अमाइड मिळाले. त्याचे उकळते द्रावण थंड केले तेव्हा भांडेभर रेशमासारख्या बारीक सुया जमल्या. पण काही तासांनी, कधी एखाद्या दिवसाने, त्या गाद्यांत पोकळ्या पडू लागल्या, आणि प्रत्येक पोकळीच्या मध्यभागी एक-दोन ठसठशीत स्फटिक बसलेले दिसले. हळूहळू सर्व सुया नाहीशा होऊन त्यांचे ठोकळे झाले. दोघांनी पाहिले तसे लिहून ठेवले. ठोकळ्यांची रचना पुढे १९५९ साली निश्चित झाली. त्या क्षणभंगुर सुयांची मात्र २००७ सालापर्यंत, म्हणजे पाऊणदोनशे वर्षे, कोणास पकडता आली नव्हती.

लहान अमाइडांच्या स्फटिकांचा एवढा खटाटोप का करतात, याचे आणखी एक कारण आहे. अमाइडातला कार्बन व नायट्रोजन यांमधला बंध साधा एकेरी असता तर सुमारे १.४७ अँग्स्ट्रॉम भरता. स्फटिकांत तो १.३४ च्या आसपास भरतो. म्हणजे तो अर्धवट दुहेरी आहे, त्याला सहज पीळ देता येत नाही आणि त्याच्या आजूबाजूचे अणू एकाच पातळीत राहतात. आपल्या शरीरातील सर्व प्रथिने याच बंधाने ओवलेली आहेत. अमेरिकेत रॉबर्ट कोरी याने १९३८ पासून अशा लहान रेणूंची मापे चिकाटीने घेतली. त्या मापांच्या आधारेच पॉलिंग व कोरी यांनी १९५१ साली प्रथिनांच्या साखळीचा पीळ कसा असला पाहिजे, ते मांडले. दुसरे लोकही त्या शोधात होते. पण त्यांनी हा बंध सपाट धरला नव्हता, म्हणून ते चुकले.

परंतु रुग्णाला याच्याशी काय, असे कोणी म्हणेल. १९९८ साली त्याचे उत्तर फार कडू मिळाले. एड्सच्या रुग्णांसाठी ॲबट कंपनीचे रिटोनाविर हे औषध १९९६ पासून कुप्यांतून मिळत होते. त्याच्या मोठ्या रेणूत अमाइडाचे व त्याच जातीचे गट आहेत. दोन वर्षांनी एके दिवशी कारखान्यातल्या कुप्या विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. शोध घेता कळले की, रेणूच्या एका गटाने जरा निराळी बैठक घेऊन नवे स्फटिकरूप धरले आहे. हे रूप अधिक स्थिर, म्हणून पुष्कळच कमी विरघळणारे. जे विरघळत नाही ते रक्तात जात नाही. एकदा हे रूप अवतरल्यावर त्याचे अदृश्य कण विरजणासारखे पसरले आणि जुने रूप बनवणे दुरापास्त झाले. कुप्या बाजारातून काढाव्या लागल्या. रुग्णांस कडवट द्रवरूप औषध घ्यावे लागले, आणि पुढल्या वर्षी नव्या प्रकारच्या कुप्या येईपर्यंत ते तसेच चालले. रेणू तोच, औषध तेच; फक्त बैठक बदलली.

आता शेवटचा भाग. तो लिहिण्यासाठीच, खरे सांगावयाचे तर, आम्ही हा विषय घेतला. २०११ साली आमच्या मोठ्या मामूंना रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी इमॅटिनिबची गोळी रोज घेण्यास सांगितली, ती जन्मभर. मूळ कंपनीचे, नोव्हार्टिसचे, औषध ग्लिव्हेक या नावाचे. महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये. देशी कंपन्यांचे तेच औषध महिना आठ-दहा हजारांत मिळे. (मूळ कंपनी पुष्कळ रुग्णांस ते विनामूल्यही देत असे, हे सांगणे न्यायाचे होईल.) आठ-दहा हजार हीसुद्धा पेन्शनीवर जगणाऱ्यास थोडकी रक्कम नव्हे. औषधसाहाय्याचा अर्ज आम्हीच भरला होता आणि विश्वस्तांपुढे आम्हीच बसलो होतो.

त्या सुमारास दिल्लीस सर्वोच्च न्यायालयात एक दावा चालू होता, आणि तो, वाचकांस आता आश्चर्य वाटणार नाही, एका स्फटिकरूपाचा होता. इमॅटिनिबच्या रेणूच्या मध्यभागीही बेंझामाइडाचाच सांधा आहे. त्याच्या मेसिलेट नावाच्या क्षाराच्या ‘बीटा’ स्फटिकरूपावर कंपनीला भारतात एकस्व हवे होते. अर्ज १९९८ चा. २००३ ते २००६ या काळात कंपनीस विक्रीचा विशेष हक्क मिळालेला असताना देशी उत्पादकांवर बंधने आलीही होती. २००५ साली कायद्यात सुधारणा झाली: ज्ञात पदार्थाचे नुसते नवे रूप, त्याने गुणकारिता वाढत नसेल तर, शोध धरला जाणार नाही. चेन्नईच्या एकस्व कार्यालयाने २००६ साली अर्ज फेटाळला. विरोधकांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती आणि हैदराबादची नॅटको ही औषध कंपनीही होती. कंपनीचे म्हणणे असे की, हे रूप अधिक चांगले वाहते, अधिक स्थिर आहे आणि ओलावा कमी शोषते. न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला: हे गुण कारखान्यात व साठवणीत उपयोगी असतील, पण त्यांनी रोग अधिक बरा होतो असे नाही, औषधाची गुणकारिता म्हणजे रोगावरची गुणकारिता. अपील फेटाळले गेले.

आम्हांस दोन्ही बाजू दिसतात. स्थिर रूप शोधणे हे पोरखेळ नव्हे. रिटोनाविरच्या कुप्या परत गोळा करणाऱ्यांस विचारावे. पण भुकटी साच्यात सुरळीत वाहते, म्हणून त्या औषधावर आणखी वीस वर्षे दुसऱ्या कोणी हात लावू नये, हे आमच्या बुद्धीस पटत नाही.

निकालाचे वर्तमानपत्र आम्ही मामूंकडे घेऊन गेलो आणि ‘बीटा स्फटिक’ म्हणजे काय ते पन्हळी पत्र्याचे उदाहरण देऊन समजावू लागलो. त्यांनी बरेच ऐकून घेतले. मग पट्टीतली गोळी काढून उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “बेटा, यातले पत्रे कसे का घातलेले असेनात, पुढल्या महिन्याची पट्टी आणलीस का?” पट्टी आमच्या खिशातच होती. त्यानंतर सात वर्षे त्यांनी ती गोळी घेतली, आणि गेले ते हृदयविकाराने.